थॉमस कॅव्हरहिल जर्डन

थॉमस कॅव्हरहिल जर्डन (१२ ऑक्टोबर, इ.स. १८११ – १२ जून, इ.स. १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातील शल्यवैद्य आणि भारतातील पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या अभ्यासकांपैकी एक होते. 'द बर्ड्स ऑफ इंडिया' हा त्यांचा ग्रंथ भारतातील पक्ष्यांची एकत्रित माहिती देणारा पहिला सुटसुटीत संदर्भग्रंथ मानला जातो. त्यांच्या पक्षिअभ्यासाची महत्त्वाची सुरुवातीची वर्षे जालना येथील लष्करी छावणीत गेली. दक्षिण भारतातील पक्ष्यांची त्यांची पहिली मोठी यादी याच काळात प्रसिद्ध होऊ लागली. माळरानावरील शिकारीच्या पक्ष्यांची ओळख करून देणारे लेखक म्हणूनही ते एकोणिसाव्या शतकातील शिकाऱ्यांमध्ये प्रसिद्ध होते.

जन्म व शिक्षण

जर्डन यांचा जन्म इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात झाला. त्यांचे घराणे स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील जेडबर्ग गावाजवळच्या बॉनजेडवर्ड येथील होते. वडील आर्चिबाल्ड जर्डन यांचे ते थोरले पुत्र. उच्च शिक्षणासाठी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. तेथे रॉबर्ट जेमसन या निसर्गेतिहासाच्या प्राध्यापकांच्या वर्गात त्यांना प्राणी, वनस्पती व खनिजे यांच्या पद्धतशीर अभ्यासाची गोडी लागली. विद्यार्थ्यांनी चालविलेल्या प्लिनियन सोसायटी या निसर्गाभ्यास मंडळाचेही ते सभासद होते. हाच जेमसन यांचा वर्ग व हीच सोसायटी चार्ल्स डार्विन यांच्याही विद्यार्थिदशेशी निगडित आहे.

त्या काळी निसर्गाच्या अभ्यासावर उदरनिर्वाह होणे कठीण होते. वैद्यकाचे शिक्षण घेऊन कंपनीच्या नोकरीत जाणे हा अशा तरुणांसमोरचा एक रुळलेला मार्ग होता. जर्डन यांनी तोच पत्करला.

भारतात आगमन

सहायक शल्यवैद्य म्हणून नेमणूक झाल्यावर जर्डन फेब्रुवारी १८३६ मध्ये मद्रासला पोहोचले. त्यांची पहिली रवानगी गंजाम भागात झाली. तेथील सैनिक ताप व आमांश यांनी हैराण झाले होते. रुग्णसेवेतून सवड मिळेल तशी त्यांनी पूर्व घाटातील पक्ष्यांची पाहणी सुरू केली. १ मार्च १८३७ रोजी त्यांची बदली त्रिचनापल्ली येथील दुसऱ्या हलक्या घोडदळ पलटणीत झाली. ही पलटण पुढे जालन्यास गेली आणि तिच्याबरोबर जर्डनही मराठवाड्यात आले.

जालना छावणीतील वर्षे

मद्रास लष्कराची पलटण जालन्यास असण्यामागे राजकीय कारण होते. जालना हे गाव तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. तैनाती फौजेच्या करारानुसार कंपनीचे सैन्य निजामाच्या मुलखात ठेवलेले असे आणि त्याची एक महत्त्वाची छावणी जालन्यास होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला ते आसई हे गावही आजच्या जालना जिल्ह्यातच आहे. त्या लढाईनंतर या भागाचे लष्करी महत्त्व वाढले होते. आजचा जालना जिल्हा मात्र फार नंतरचा. तो १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला.

जर्डन यांनी जालन्यास सुमारे चार वर्षे काढली. कुंडलिका नदीकाठचे हे गाव दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेस गोदावरीचे खोरे आणि मध्ये पूर्णा व दुधना या नद्यांचा प्रदेश, अशी या परिसराची रचना आहे. काळ्या मातीची शेते, खडकाळ माळ, कुसळी गवताची कुरणे, बाभळी-बोरींची झुडपे आणि पावसाळ्यात भरणारी तळी यांमुळे येथे नाना प्रकारचे पक्षी आढळत. झुडपी माळावर तित्तर व लाव्हे, उघड्या खडकाळ जमिनीवर पखुर्ड्या, गवताळ रानात तणमोर व माळढोक, तर हिवाळ्यात पिकांच्या राना-शिवारांत बटेर आणि करकोचे, अशी त्यांची स्थूल विभागणी होती. पूर्व घाटाच्या दाट जंगलातून आलेल्या अभ्यासकाला हे पक्षिजीवन अगदी निराळे होते. दमट, झाडीचा प्रदेश आणि कोरडे, उघडे पठार यांतील पक्ष्यांची तुलना करण्याची संधी त्यांना या बदलीमुळे मिळाली.

याच दख्खनमध्ये त्यांच्या काही वर्षे आधी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी काम केले होते. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करताना साइक्स यांनी येथील पक्ष्यांची यादी तयार केली व ती १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. माळावरील खडकी लाव्ह्यासह अनेक जातींची शास्त्रीय नावे साइक्स यांनी दिलेली आहेत. जर्डन यांच्या कामाला हीच यादी आधारभूत ठरली आणि त्यांनी सर्वाधिक भर घातली तीही तिच्यातच.

बंदूक, छर्रे आणि पक्ष्यांचे नमुने

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीवाचून होत नसे. दूरवरचे स्पष्ट दाखविणाऱ्या आजच्यासारख्या दुर्बिणी नव्हत्या, छायाचित्रण नुकतेच जन्माला येत होते आणि भारतातील पक्षी ओळखण्यासाठी सचित्र पुस्तके उपलब्ध नव्हती. पक्षी हातात घेऊन त्याची चोच, पंख, शेपटी व पाय मोजल्याशिवाय त्याची जात ठरविता येत नसे. त्यामुळे बंदुकीची व छर्‍यांची निवड हा शिकाऱ्याच्या हौसेचा प्रश्न होता, तसाच तो अभ्यासकाच्या पद्धतीचाही भाग होता.

जर्डन जालन्यास आले तेव्हा चकमकीच्या बंदुका मागे पडून टोपीच्या बंदुका रूढ होत होत्या. दोन्ही प्रकार ठासणीचेच होते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतावयाची, तिच्यावर डाट बसवावयाचा, मग छर्रे व पुन्हा डाट घालून गजाने ठासावयाचे आणि शेवटी घोड्याखालच्या निपलावर टोपी बसवावयाची, असा तो क्रम असे. चकमकीची ठिणगी ओल्या हवेत दगा देई आणि तिचा भपका पाहून पक्षी उडून जाई. टोपीमुळे बार उडण्यातील विलंब कमी झाला व पावसाळ्यातील शिकार अधिक भरवशाची झाली. मागून काडतूस भरण्याच्या बंदुका १८५० नंतर हळूहळू प्रचारात आल्या. नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे एकवटण्याची युक्तीही १८६० नंतरचीच. तोवर सरळ नळीतून सुटलेले छर्रे लवकर पांगत, म्हणून शिकाऱ्याला पक्ष्याच्या बरेच जवळ जावे लागे.

नळीचे माप 'बोअर' या संज्ञेने सांगितले जाते. नळीत नेमकी बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरत असेल, तर ती बारा बोअरची बंदूक होय. तिच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. आकडा वाढला की नळी लहान होते. छर्‍यांच्या क्रमांकाचेही तसेच आहे. पुढे रूढ झालेल्या ब्रिटिश मापानुसार चार नंबरचे सुमारे १७०, सहा नंबरचे २७० आणि आठ नंबरचे ४५० छर्रे एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम वजनात, बसतात. लाव्हा किंवा पाणलावा यांसारख्या लहान पक्ष्यांसाठी आठ नंबरच्या आसपासचे, तित्तर व फेझंट यांसाठी सहा नंबरच्या आसपासचे आणि हंस किंवा माळढोक यांसारख्या मोठ्या पक्ष्यांसाठी त्याहून बरेच जाड छर्रे वापरण्याची प्रथा होती. अमेरिकेतील टर्कीच्या शिकारीतही हाच हिशेब लागू पडतो. पक्षी मोठा असला, तरी नेम डोके व मानेवर धरावयाचा असल्याने तेथे चार ते सहा नंबरचे दाट पडणारे छर्रे पसंत केले जातात.

शिकाऱ्याची व संग्राहकाची गरज मात्र एक नव्हती. शिकाऱ्याला पक्षी जागीच पडणे पुरेसे असे. संग्राहकाला त्याची कातडी व पिसे शाबूत हवी असत. जाड छर्‍याने लहान पक्ष्याच्या चिंध्या होत आणि तो अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नसे. म्हणून संग्राहक मोहरीहून बारीक अशी छर्‍यांची भुकटी व दारूचे अल्प प्रमाण वापरीत. दुनळी बंदुकीच्या एका नळीत बारीक व दुसरीत जाड छर्रे भरून ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे समोर चंडोल आला वा बदक आले, तरी योग्य बार हाताशी असे.

पक्षी पडल्यानंतरचे काम अधिक नाजूक असे. जखमेत व चोचीत कापसाचे बोळे घालून रक्त पिसांवर ओघळू न देणे, कागदाच्या शंकूत पक्षी अलगद ठेवणे आणि उन्हाने सडण्यापूर्वी कातडी सोडविणे ही कामे त्याच दिवशी उरकावी लागत. सोडविलेल्या कातडीला आतून सोमलयुक्त साबण चोळून, कापूस भरून ती वाळविली जाई. हा साबण अठराव्या शतकात बेकेर या फ्रेंच औषधविक्रेत्याने शोधून काढला होता. तो विषारी होता, पण कीड रोखण्यास त्याहून चांगला उपाय नव्हता. प्रत्येक नमुन्यास ठिकाण, तारीख व नर-मादी यांची चिठ्ठी बांधली जाई. चिठ्ठी हरवली, तर कातडीचे शास्त्रीय मोल बहुतांशी संपत असे.

नमुन्यांचा नाश व पहिली पक्षियादी

जर्डन यांनी गोळा केलेले पक्ष्यांचे नमुने ओळख पटविण्यासाठी स्कॉटलंडमधील नामवंत पक्षितज्ज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठविले. अनेक महिन्यांच्या प्रवासानंतर पेटी पोहोचली, तेव्हा तिच्यातील कातड्यांना कसर लागलेली होती. ज्या नमुन्यांच्या आधारे युरोपातील तज्ज्ञ निर्णय देणार होते, ते नमुनेच निकामी झाले.

या नुकसानीचा जर्डन यांच्या कामावर दूरगामी परिणाम झाला. दूरदेशीच्या तज्ज्ञाच्या निर्णयाची वाट न पाहता त्यांनी स्वतःच्या निरीक्षणावर व उपलब्ध ग्रंथांवर विसंबून पक्ष्यांची ओळख निश्चित केली आणि भारतीय द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची तयार केली. ती 'मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स' या नियतकालिकात १८३९ ते १८४० या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात ४२० जातींची नोंद होती. साइक्स यांच्या यादीच्या मानाने ही संख्या जवळजवळ दुप्पट होती. केवळ नावे न देता पक्ष्यांच्या सवयी व त्यांचा भौगोलिक आढळ यांवरही तिच्यात टिपणे होती. वसाहतीतील संग्राहकाने माल पाठवावा आणि युरोपातील पंडिताने नाव द्यावे, अशी त्या काळातील कामाची वाटणी होती. जालन्यातील एका कनिष्ठ लष्करी वैद्याने ती मोडून पक्ष्यांच्या मुलखातच बसून त्यांच्याविषयी लिहिले, हे या सूचीचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

तणमोराचा प्रश्न

बंदुकीने मिळविलेला नमुना आणि जिवंत पक्ष्याचे वर्षभराचे निरीक्षण यांतील फरक तणमोराच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. तणमोर हा माळढोकाच्या कुळातील लहान पक्षी. एरवी नर व मादी दोघेही पिवळसर तपकिरी, ठिपकेदार दिसतात. पावसाळ्यात विणीच्या हंगामात नराचे डोके, मान व पोटाकडचा भाग काळा होतो आणि डोक्यामागे फितीसारखी लांब पिसे येतात. वेगवेगळ्या महिन्यांत मारलेले पक्षी समोर ठेवले असता ते दोन निराळ्या जातींचे वाटत. शिकाऱ्यांमध्ये यावर वाद होता आणि साइक्स यांनीही तपकिरी पक्ष्याला स्वतंत्र जातीचे नाव दिले होते. जर्डन यांनी या प्रश्नाची सविस्तर चर्चा करून काळा पिसारा हा नराचा विणीच्या काळातील वेष आहे आणि दोन्ही पक्षी एकाच जातीचे आहेत, असे प्रतिपादन केले. पुढील अभ्यासाने तेच खरे ठरले.

विणीच्या काळात तणमोराचा नर उंच गवतातून वारंवार हवेत उडी घेतो. मादीला आकृष्ट करणारी ही उडीच शिकाऱ्याला त्याचा ठावठिकाणा सांगत असे. परिणामी ज्या महिन्यांत पक्ष्याला अभय हवे, त्याच महिन्यांत त्याची सर्वाधिक शिकार होई. तणमोराच्या पुढील ऱ्हासाचे हे एक प्रमुख कारण होते. कुरणे नांगराखाली जाणे हे दुसरे.

विवाह, निलगिरी व नेल्लोर

जुलै १८४१ मध्ये जर्डन यांचा विवाह फ्लोरा अलेक्झांड्रिना मटिल्डा मॅक्लाउड यांच्याशी झाला. फ्लोरा यांना वनस्पतींची, विशेषतः ऑर्किड फुलांची आवड होती व त्या वनस्पतींची चित्रे काढीत. पुढे जर्डन यांचे वास्तव्य काही काळ निलगिरीत व त्यानंतर नेल्लोर येथे मुलकी शल्यवैद्य म्हणून झाले. नेल्लोर परिसरातील यानादी या वन्य जमातीतील लोकांशी त्यांनी संबंध जोडले आणि स्थानिक प्राण्यांची माहिती त्यांच्याकडून मिळविली.

याच काळात, १८४३ ते १८४७ दरम्यान, 'इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन ऑर्निथॉलॉजी' हा त्यांचा सचित्र ग्रंथ मद्रास येथे भागशः प्रकाशित झाला. त्यात पन्नास रंगीत चित्रे होती आणि त्यांपैकी बरीचशी भारतीय चित्रकारांनी काढलेली होती.

पूर्व घाटाच्या झुडपी रानातून जर्डन यांनी एका दुर्मिळ निशाचर पक्ष्याचा नमुना मिळविला. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा पक्षी 'जर्डनचा धाविक' या नावाने ओळखला जातो. १९०० नंतर तो दीर्घकाळ कोणाच्याही दृष्टीस न पडल्याने नामशेष झाला असे मानले जात होते. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक भारत भूषण यांनी कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा शोधून काढला. या शोधातही स्थानिक पक्षी पकडणाऱ्यांच्या माहितीचा मोठा वाटा होता.

'द बर्ड्स ऑफ इंडिया'

नेल्लोरनंतर जर्डन यांनी मलबारमधील तेल्लिचेरी येथे व पुढे मध्य भारतातील सागर येथे काम केले. १८५८ मध्ये त्यांना सर्जन-मेजर हा हुद्दा मिळाला. निरनिराळ्या प्रांतांतील या नोकरीमुळे त्यांना किनारपट्टी, घाट, पठार व मध्य भारतातील जंगले यांचे प्रत्यक्ष ज्ञान झाले.

भारतातील पक्ष्यांविषयीची माहिती तोवर युरोपातील व भारतातील असंख्य नियतकालिकांत विखुरलेली होती. दूरच्या ठाण्यावरील अधिकाऱ्याला ती मिळणे अशक्यप्राय होते. ही अडचण जर्डन यांनी जालन्यासारख्या ठिकाणी स्वतः अनुभवली होती. सर्वांना बरोबर नेता येईल असा एकच ग्रंथ असावा, ही त्यांची योजना गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी उचलून धरली व त्यांना या कामासाठी खास नेमणूक दिली. कॅनिंग यांच्यानंतर आलेल्या लॉर्ड एल्गिन यांनीही हा पाठिंबा चालू ठेवला. १८६२ ते १८६४ या काळात कलकत्ता येथे हा ग्रंथ तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात एक हजाराहून अधिक जातींचे वर्णन आहे.

प्रत्येक जातीचे शास्त्रीय नाव, पूर्वी दिलेली पर्यायी नावे, देशी भाषांतील नावे, रंगरूप, मापे, आढळ व सवयी अशी ग्रंथाची मांडणी आहे. हिंदी, तेलुगू, तमिळ या भाषांबरोबर मराठी नावांचीही त्यात नोंद आहे. ही नावे शिकारी, पारधी, शेतकरी व नोकरचाकर यांच्याकडून गोळा झालेली असल्याने ग्रंथाचे भाषिक मूल्यही मोठे आहे.

शिकारीच्या पक्ष्यांवरील ग्रंथ

ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तित्तर, लाव्हे, रानकोंबडे, मोर, फेझंट, पखुर्ड्या, माळढोक, पाणलावे, बदके व हंस यांचा समावेश होता. शिकाऱ्यांना नेमकी याच भागाची गरज होती. त्यामुळे १८६४ मध्ये हा मजकूर 'द गेम बर्ड्स अँड वाइल्ड फाउल ऑफ इंडिया' या नावाने स्वतंत्र पुस्तकरूपातही निघाला.

भारतातील खरे फेझंट हिमालयात आढळतात. मोनाल, कालीज, ट्रॅगोपान ही त्यांची परिचित उदाहरणे. दख्खनच्या वाचकाला ते पाहावयास मिळत नाहीत. पण मोर, रानकोंबडा, चकोत्री, तित्तर व लाव्हा हे त्याच कुळातील पक्षी होत आणि आधुनिक वर्गीकरणात अमेरिकेतील टर्कीही याच कुळात गणली जाते. तित्तर व पखुर्डी यांची शिकार एकाच माळावर होत असली, तरी त्यांचे कूळ निराळे आहे, अशा प्रकारचे भेद शिकाऱ्याला या पुस्तकामुळे समजू लागले.

या पुस्तकाचा एक महत्त्वाचा परिणाम असा झाला, की बंदूक बाळगणारे अनेक अधिकारी मारलेल्या पक्ष्याची जात, लिंग, अन्न व विणीचा हंगाम यांची नोंद ठेवू लागले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी उभारलेले निरीक्षकांचे देशव्यापी जाळे जर्डन यांच्या ग्रंथाच्या पायावर उभे राहिले. ह्यूम व मार्शल यांचा भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील शिकारीच्या पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला. तो याच परंपरेतील होय. चार्ल्स डार्विन यांनीही आपल्या 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात पक्ष्यांच्या नर-मादींतील फरकांची चर्चा करताना जर्डन यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला आहे.

अन्य प्राणिविषयक लेखन

जर्डन यांची जिज्ञासा पक्ष्यांपुरती मर्यादित नव्हती. दक्षिण भारतातील गोड्या पाण्यातील मासे व मुंग्या यांवर त्यांनी मद्रासच्या नियतकालिकात लेख लिहिले. १८५१ मधील मुंग्यांवरील लेखात त्यांनी उडी मारणाऱ्या भारतीय मुंगीचे प्रथम वर्णन केले. ही मुंगी आजही जीवशास्त्रातील प्रयोगांत अभ्यासली जाते. भारतातील सस्तन प्राण्यांवरील 'द मॅमल्स ऑफ इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपटणारे प्राणी व उभयचर यांवरही त्यांचे लेखन आहे. भारतातील सर्व पृष्ठवंशी प्राण्यांवर ग्रंथमाला तयार करण्याची त्यांची कल्पना होती. पुढे निघालेल्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेची ती पूर्वपीठिका ठरली.

अखेरची वर्षे

ग्रंथलेखनाच्या निमित्ताने जर्डन यांनी दार्जिलिंग, काश्मीर, पंजाब, ब्रह्मदेश व आसाम येथे प्रवास केला. १८६८ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. आसाममधील गुवाहाटी येथे ते गंभीर आजारी पडले. कलकत्त्यात उपचार झाल्यावर ते १८७० मध्ये इंग्लंडला परतले. पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. १२ जून १८७२ रोजी लंडनजवळील अप्पर नॉरवुड येथे त्यांचे निधन झाले. वेस्ट नॉरवुड येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

जर्डन यांच्या कार्याच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्यांची पद्धत त्यांच्या काळाची होती आणि तिच्यात पक्षी मारणे अपरिहार्य मानले जाई. ज्या पारध्यांनी, शिकाऱ्यांनी व कातडी सोडविणाऱ्या मदतनीसांनी नमुने व माहिती पुरविली, त्यांची नावे तत्कालीन ग्रंथांत क्वचितच आढळतात. मराठवाडा व विदर्भात फाशांनी तित्तर-लाव्हे पकडणाऱ्या फासेपारधी समाजाचे माळरानाविषयीचे ज्ञान पिढीजात होते. पण ते लिखित शास्त्राचा भाग झाले नाही.

असे असले, तरी जर्डन यांनी केलेल्या नोंदींचे मोल काळाबरोबर वाढले आहे. दख्खनच्या कुरणांवर एके काळी कोणते पक्षी नांदत होते, हे ठरविण्यासाठी त्यांचे लेखन हा एक मूलभूत पुरावा आहे. माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तणमोर राज्यात अत्यल्प संख्येने उरला असून अकोला-वाशीम भागातील गवताळ रानांत त्याच्या संरक्षणाच्या कामात फासेपारधी समाजातील लोकच सहभागी झाले आहेत.

जर्डन यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला. या कायद्यात सुरुवातीस काही पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही रद्द झाली. त्यामुळे जर्डन यांच्या पुस्तकातील तित्तर, लाव्हे व फेझंट यांची शिकार आज भारतात कायद्याने गुन्हा आहे आणि त्यांचा अभ्यास दुर्बीण, छायाचित्रण व ध्वनिमुद्रण यांच्या साहाय्याने केला जातो.

जर्डन यांच्या नावाने ओळखले जाणारे जीव

जर्डन यांच्या स्मरणार्थ अनेक जीवांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. पक्ष्यांमध्ये जर्डनचा धाविक, जर्डनचा झुडपी चंडोल, जर्डनचा पर्णपक्षी, जर्डनचा बाझा व जर्डनचा सातभाई हे प्रमुख आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये जर्डनचा चापडा हा विषारी साप परिचित आहे. दक्षिण भारतातील 'जर्डोनिया' या वनस्पतिप्रजातीचे नावही त्यांच्यावरूनच ठेवलेले आहे.